फाटक बंद आहे

डॉक्टर म्हणाले, रोज चाळीस मिनिटं चाला.
मी म्हटलं, लिहून द्या, मेडिकलमध्ये मिळतात का बघते.
ते हसले. मी नाही.

पहाटे पाचला कळण्याच्या भाकरी,
दोन डबे, सासऱ्यांचं इन्सुलिन,
आठव्या दिवशी आलेलं नळाचं पाणी
टाकीतून हंड्यात, हंड्यातून माठात
(हे व्यायामात धरत नाहीत म्हणे),
मग स्कूटी, मग अमळनेरची पतपेढी.
दिवसभर लोकांच्या ठेवींवरचं व्याज काढायचं,
माझ्या खात्यावर एक मिनिट जमा नाही.

आणि मधे हे फाटक.
नऊ वाजून सात मिनिटांनी
लाल-पांढरा दांडा खडखडत खाली येतो,
सुरतेकडची मालगाडी जाईपर्यंत
सहा मिनिटं गेली. कधी नऊ.
चार वर्षं मी त्या दांड्यावर रोज चिडले.

एका मंगळवारी चिडता चिडताच
स्कूटी स्टँडवर लावली
आणि टाचा उचलल्या.
नुसत्या टाचा. साडीखाली कुणाला दिसतंय.
डबे अठ्ठावन्न गेले, टाचा एकतीस झाल्या,
मग पोटऱ्या भरून आल्या.

दुसऱ्या दिवशी खांदे. मग मान.
पुढच्या आठवड्यात सीटला धरून अर्ध्या बैठका,
गुडघे जुन्या बाजेसारखे कुरकुरले.
लोटन दूधवाल्यानं बघितलं:
"काय करी ऱ्हायनी व ताई? पाय मुरगळना का?"
म्हटलं, नाही रे, व्याज काढतेय.
तो कॅन खाली ठेवून जवळ आला,
"मनी बी कंबर दुखस. सांग ना काहीतरी."

मला तरी काय येत होतं,
सातवीतल्या पी.टी.च्या बाईंचे हाताचे तीन प्रकार.
तेच दिले.
वैजंता नर्स लसींचा डबा सावलीत ठेवून यायची.
कापसाच्या ट्रॅक्टरवरचा पोरगा खाली उतरायचा नाही,
पण मान तेवढी फिरवून घ्यायचा,
दुसरीकडेच बघत असल्यासारखी.
आणि केबिनच्या दारातून सुपडूतात्या, हातात झेंडा:
"आखो दोन मिनिट शेतस! करा, करा!"

मे महिन्यात डांबर चपलेला धरून ठेवायचं,
टाच उचलायला तेवढंच जादा वजन.

तीन महिन्यांनी रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले,
वा, चालायला लागलात?
म्हटलं, नाही. थांबायला लागले.

मग रुळाखालून रस्ता झाला.
नारळ फुटला, पेढे वाटले,
मीही एक खाल्ला, अर्धा म्हणून घेतलेला.
गावाची तीस वर्षांची मागणी, आनंदच आहे.
पहिल्या दिवशी ऑफिसला आठ मिनिटं लवकर पोचले
आणि खुर्चीत बसले.
तेवढंच जास्त बसले.

लोटन आता भुयारातून सुसाट जातो,
हॉर्न वाजवतो, कंबर धरून.

पतपेढीत दुपारी सर्व्हर डाऊन होतं.
परवा काउंटरमागे उभी राहिले, टाचा उचलल्या.
समोर पासबुक घेऊन एक म्हातारी,
तिनं काचेतून बघितलं, काही विचारलं नाही,
काउंटरची कड धरली,
थोड्या वेळानं तीही मला किंचित उंच दिसली.

सुपडूतात्यांची बदली नंदुरबारकडे झाली.
रविवारी त्यांचा फोन:
"आठे बी फाटक शे, ताई. पन कोन्ही खाले उतरस नही."
म्हटलं, तात्या, तुम्ही सुरू करा,
झेंडा धरून एका हातानं होतं.
पलीकडे गाडी आली असावी,
बराच वेळ खडखडाटच ऐकू येत राहिला
आणि त्यात मधे मधे
धापा टाकल्यासारखं काहीतरी.